कांबळे : एका आडनावाचा शोध

गेल्या पावसाळ्यात माझा पुतण्या अलोऱ्याला घरी आला तो एक अर्ज घेऊन. राजपत्रात नाव बदलून घेण्याचा तो अर्ज होता. जुने नाव, नवे नाव आणि बदलाचे कारण असे त्यात रकाने होते. जुन्या नावाच्या रकान्यात त्याने आपले आडनाव 'कांबळे' असे लिहिले होते आणि नव्या नावाच्या रकान्यात 'अलोरेकर'. कारणाचा रकाना कोरा होता. "काका, इथं काय लिहू?" त्याने विचारले.

कारण त्याला ठाऊक होते आणि मलाही. नोकरीच्या गावी तो खोली शोधत होता. तीन ठिकाणी भाड्याचे ठरले, अनामत ठरली, पाण्याची वेळसुद्धा सांगून झाली. मग निघता निघता घरमालकाने सहज विचारल्यासारखे आडनाव विचारले. तिन्ही खोल्या दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी 'नात्यातल्या माणसाला' गेल्या. मुलगा इंजिनिअर आहे, पगार चांगला आहे, बोलणे-चालणे स्वच्छ आहे. सगळे अडले ते तीन अक्षरांवर.

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. ज्या आडनावाने आमच्या चार पिढ्यांचे दाखले भरले, ते कोठून आले आणि कोणाकोणाच्या हातून येथवर पोहोचले याचा विचार केल्याशिवाय ते टाकावे की ठेवावे हे कसे ठरवणार? हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे. प्रश्न एका घरापुरता असता तर तो येथे मांडलाच नसता.

१

अलोरे हे चिपळूण तालुक्यातील, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे गाव. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवले गेले, पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून ते खाली आले, १९७५ साली पुऱ्या झालेल्या कोळकेवाडी धरणात अडवले गेले आणि अलोऱ्याच्या वीजगृहातून पुढे वाशिष्ठीला मिळाले. या कामासाठी येथे वसाहत उभी राहिली आणि घाटावरून, कोकणातून हजारो हात आले. त्यांत माझे वडील होते.

वडील ज्या टोळीत होते तिच्या हजेरीपटावर सात कांबळे होते. एक साताऱ्याकडचा, दोन कोल्हापूरकडचे, एक जतचा, एक सोलापूरचा, एक चिपळूण तालुक्यातलाच आणि सातवे माझे वडील. कोणाचे कोणाशी नाते नव्हते. त्यांत बौद्ध होते, एक मातंग होता, एक चर्मकार होता. मुकादमाने आपल्या सोयीसाठी त्यांना वेगळी नावे दिली होती : 'ड्रिल कांबळे', 'जत कांबळे', 'उंच कांबळे'. हुद्द्याच्या रकान्यात मात्र सगळ्यांपुढे एकच शब्द असे : बिगारी. वेठबिगारीतला 'बिगार' तो हाच. काम सरकारचे, मजुरी रोजची, पण शब्द गावगाड्यातला. नव्या हजेरीपटावर जुनी व्यवस्था कशी बसलेली असते, हे पाहायला या दोन रकान्यांपलीकडे जाण्याची गरज नाही.

लहानपणी मला वाटे, की इतके कांबळे म्हणजे आपले कूळ फार मोठे असले पाहिजे. पुढे कळले की कूळ मोठे नव्हते, नोंद करणाऱ्याची वही मोठी होती.

२

'कांबळे' या शब्दाचा अर्थ सरळ आहे. संस्कृतातला 'कंबल', कानडीतली 'कंबळी', मराठीतले 'कांबळे' म्हणजे जाडीभरडी लोकरीची घोंगडी. आमची वडीलधारी माणसे या आडनावाचा उगम घोंगडीतच सांगत. गावकामगार महाराच्या हातात घुंगरांची काठी असे आणि खांद्यावर घोंगडी. रात्री वेशीवर पहारा करताना तीच पांघरूण, सरकारी टपाल किंवा खजिना पोहोचवताना तीच पावसातले छप्पर, दारोदार भाकरी मागताना तीच झोळी. जी वस्तू चोवीस तास अंगावर असते तिचे नाव माणसाला चिकटावे यात नवल नाही.

वस्तूवरून, कामावरून आडनाव पडणे हे केवळ आपल्याकडचे नाही. इंग्लंडातला स्मिथ म्हणजे धातूकाम करणारा, लोहार. टेलर म्हणजे शिंपी. कुक म्हणजे स्वयंपाकी. स्मिथ हे तर तिकडचे सर्वांत जास्त आढळणारे आडनाव. पण आज बँकेच्या खुर्चीत बसलेल्या स्मिथला कोणी विचारत नाही, की तुझी ऐरण कोठे आहे? तिथे धंदा सुटला तसे आडनाव मोकळे झाले. त्याचा केवळ ध्वनी उरला. आपल्याकडे घोंगडी खांद्यावरून उतरून तीन पिढ्या झाल्या तरी ऐकणाऱ्याच्या कानात ती अजून आहे. फरक शब्दांत नाही, समाजरचनेत आहे. धंदा हा जन्माने बांधलेला नसतो तेव्हा आडनाव ही खूण असते. जन्माने बांधलेला असतो तेव्हा तो डाग होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जाधव, पवार, गायकवाड, मोरे, शिंदे ही आडनावे मराठ्यांत आहेत तशी आमच्यातही आहेत. ती ऐकून विचारणाऱ्याला आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात : गाव कोणते? गावात घर कोठे? कांबळे म्हटले की पुढचे प्रश्न वाचतात. म्हणूनच या आडनावावर सर्वांत आधी घाव बसतो.

३

मुळात गावगाड्याला महाराच्या आडनावाची गरज नव्हती. त्याचे नाव, बापाचे नाव आणि जात एवढ्यावर चावडीचे काम भागत असे. घरात कुळाचे नाव होते, ते सोयरीक जुळवताना उपयोगी पडे. पण कागदावर ते क्वचितच येई. महारांच्या नावापुढे 'नाक' हा प्रत्यय लावण्याची चाल होती. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा जो स्तंभ कोरेगाव भीमा येथे उभा आहे, त्यावरच्या नावांपैकी बावीस नावांच्या शेवटी हा 'नाक' आहे. ज्यांनी मरून आपली नावे दगडावर कोरून घेतली, त्यांची ओळख पटते ती आडनावाने नव्हे, या प्रत्ययाने.

आडनावे स्थिर झाली ती पलटणीच्या, शाळेच्या, गिरणीच्या आणि रेल्वेच्या नोंदींमुळे. साहेबाच्या वहीत तिसरा रकाना होता आणि तो भरावाच लागे. कोणी कूळ सांगितले, कोणी गाव सांगितले, कोणाचे कारकुनाने स्वतःच ठरवले. जे लिहिले गेले ते मुलाच्या दाखल्यावर गेले, नातवाच्या दाखल्यावर गेले आणि 'परंपरेने चालत आलेले' झाले. परंपरा म्हणून जे आपल्या गळ्यात असते त्यातले किती एखाद्या कारकुनाच्या टाकातून उतरलेले असते!

४

पुतण्याने 'अलोरेकर' निवडले त्याला कोकणाचा आधार आहे. गावाला 'कर' जोडून आडनाव करण्याची येथे जुनी चाल आहे आणि ती सर्व जातींत आहे. तिचा एक फायदा असा, की एकाच गावचा भट आणि एकाच गावचा महार कागदावर सारखेच दिसतात. दापोलीला 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापन करणारे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर हे या 'कर' मालिकेतलेच.

सर्वांत मोठे उदाहरण तर आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. बाबासाहेबांच्या घराण्याचे कूळ सकपाळ. मूळ गाव याच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. हा दुसरा बदल एका शिक्षकाने प्रेमाने केला असे सांगितले जाते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत जी नोंद झाली ती 'भिवा रामजी आंबेडकर' अशी आहे. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

परंतु त्या आडनावाने भिवाला वाचवले काय? आडनाव 'कर'कारान्त होऊनही गोणपाट घरूनच न्यावे लागले आणि पाणी वरूनच ओतून घ्यावे लागले. परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेलेल्या बॅरिस्टर होऊ घातलेल्या माणसाला राहायला जागा मिळाली नाही, हे तर बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे माझ्या पुतण्याच्या खोलीचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि तो तेव्हाही आडनावाने सुटला नव्हता. आडनाव बदलून आंबेडकर मोठे झाले नाहीत. त्यांनी ते आडनाव मोठे केले. आज ते ऐकल्यावर कोणाच्या डोळ्यांपुढे आंबडवे गाव येत नाही, संविधान येते.

५

मग कांबळे या आडनावाचे काय? ते कोणी मोठे केले की नाही? शाळेच्या पुस्तकांत याचे उत्तर फारसे सापडत नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगतो.

पहिले नाव शिवराम जानबा कांबळे यांचे. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये ते बटलर होते. ब्रिटिशांनी महारांची लष्करभरती बंद केली होती. शतकभर ज्यांच्या बळावर लढाया जिंकल्या त्यांनाच 'अलढाऊ' ठरवण्यात आले होते. त्याविरुद्ध शिवरामपंतांनी १९०३ साली सासवडला ५१ गावच्या महारांची सभा घेतली आणि सरकारकडे अर्ज केला. १९०८ साली त्यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. देवाला सोडलेल्या मुरळ्यांच्या प्रश्नावर त्यात लिहिले आणि नुसते लिहून न थांबता अशा मुलींचे विवाह लावून देण्यास पुढाकार घेतला. १९२९ च्या पर्वती सत्याग्रहातही ते अग्रभागी होते. साहेबांच्या मेजावर बशा मांडणारा माणूस रात्री बसून मासिकाचे मजकूर तपासत होता, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात पहिल्या पानावर असायला हवी.

येथे नावाचाच एक पेच आहे. शिवरामपंतांनी समाजाला 'सोमवंशीय' म्हटले. त्यात आम्हीही क्षत्रिय कुळातले असा दावा होता. त्यांच्या आधी वलंगकरांनी 'अनार्य' हा शब्द घेतला. त्यात तुमच्या कुळाशी आमचा संबंधच नाही असा नकार होता. एकाने जुन्या घरात जागा मागितली, दुसऱ्याने ते घरच आपले मानले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी हा पेच सोडवला. त्या दिवसानंतर आमच्या घरांत दगडू-धोंडू जन्मेनासे झाले. गौतम, सिद्धार्थ, राहुल, सुजाता जन्मू लागले. पहिले नाव बदलले, देव बदलले. आडनाव तेवढे मागे राहिले.

दुसरे नाव कोल्हापूरचे गंगाराम कांबळे. ते राजवाड्यातले नोकर. पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून सवर्ण नोकरांनी त्यांना मारले. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. गावात 'सत्यसुधारक' हे चहाचे हॉटेल निघाले. महाराज तेथे थांबून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. राजाचे मोठेपण आपण नेहमी सांगतो आणि ते सांगितलेच पाहिजे. पण रोज सकाळी ते दुकान उघडून, कोणी येवो न येवो, चूल पेटवणाऱ्या माणसाचे धैर्य कमी कसे म्हणावे? ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते त्याने चहा विकायला मांडला, तोही आपल्या नावाने.

तिसरे बापूसाहेब, म्हणजे बी. सी. कांबळे. वकील, १९५७ आणि १९७७ साली लोकसभेवर निवडून गेलेले रिपब्लिकन नेते. त्यांच्या राजकीय भूमिकांविषयी आपल्यांत मतभेद झाले, पक्ष फुटले, त्याचे दुःख अजून आहे. परंतु 'समग्र आंबेडकर चरित्र' खंडामागून खंड लिहून त्यांनी जे साधन पुढच्या पिढ्यांसाठी ठेवले त्याबद्दल दुमत होऊ नये.

चौथे अरुण कांबळे. १९७२ साली निघालेल्या दलित पँथरच्या नेत्यांपैकी एक, 'रामायणातील संस्कृतिसंघर्ष'चे लेखक, पुढे मुंबई विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. १९८३ साली त्यांचा कवितासंग्रह आला. त्याचे नाव काय ठेवावे? 'अरुण कृष्णाजी कांबळे'. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर प्रतिमा नाही, रूपक नाही. हजेरीपटावर असते तसे पूर्ण नाव. ज्या नावावर खोली मिळत नाही तेच नाव कवितेचे शीर्षक झाले. माझ्या मते या आडनावाच्या इतिहासातला हा वळणबिंदू आहे.

त्यानंतरची यादी लांबते. वाशीमचे नामदेव कांबळे यांच्या 'राघववेळ' कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पत्रकार-कादंबरीकार उत्तम कांबळे २०१० साली ठाण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पुण्यात मिलिंद कांबळे यांनी २००५ साली दलित उद्योजकांची संघटना उभी केली. ज्या हजेरीपटावर 'बिगारी' हा एकच हुद्दा होता, त्यात आता संपादक, प्राध्यापक, कारखानदार असे रकाने आले.

६

दोन नावे मी मुद्दाम मागे ठेवली. शांताबाई कांबळे आणि बेबीताई कांबळे. दोघींनाही हे आडनाव जन्माने मिळाले नाही, लग्नाने मिळाले. शांताबाई माहेरच्या बाबर, सोलापूर जिल्ह्यातील महूदच्या. शिक्षिका झाल्या आणि निवृत्तीनंतर 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. १९८३ साली ती 'पूर्वा'तून वाचकांसमोर आली, १९८६ साली पुस्तकरूपाने; १९९० साली तिच्यावरून दूरदर्शनवर 'नाजुका' ही मालिका झाली. अरुण कांबळे हे त्यांचेच चिरंजीव. म्हणजे मुलाने आपल्या नावाचे पुस्तक काढले त्याच वर्षी आई आपल्या जन्माची कथा वाचकांपुढे ठेवत होती.

फलटणच्या बेबीताईंनी दुकान सांभाळता सांभाळता 'जिणं आमुचं' लिहिले आणि नवऱ्यापासून, घरापासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले. १९८६ साली त्याचे पुस्तक झाले. या गोष्टीपाशी आपण पुरुषांनी थांबले पाहिजे. आडनावामुळे आपल्याला गावापासून लपावे लागते अशी आपली तक्रार. पण त्या आडनावाच्या घरात आलेल्या बाईला आपले लिहिणे त्या घरापासून लपवावे लागले. आडनाव तिचे नव्हते, तिच्यावर घातलेले होते. तरीही या आडनावाला मराठी वाङ्मयात जे स्थान मिळाले त्यातला मोठा वाटा या दोघींचा आहे. वारसा रक्ताने चालतो ही समजूत त्यांनी खोटी ठरवली.

आणि आत पाहायचे तर पुरते पाहू. टोळीतले ते सात कांबळे एकाच बोगद्यात राबले, एकाच दरडीखाली जीव मुठीत धरून उभे राहिले. पण वसाहतीत त्यांच्या पंगती वेगळ्या होत्या आणि सोयरीक तर स्वप्नातही नव्हती. बौद्ध कांबळे, मातंग कांबळे, चर्मकार कांबळे. आडनाव एक, चुली वेगळ्या. घरमालकाला जाब विचारताना हा प्रश्नही आपण स्वतःला विचारला पाहिजे.

७

नाव टाकून देणे हा विद्रोहाचा एक मार्ग आहे, हे मी नाकारीत नाही. अमेरिकेतल्या माल्कमने 'लिटल' हे आडनाव टाकून 'एक्स' घेतले, कारण आपले खरे आफ्रिकी आडनाव गुलामगिरीने पुसून टाकले आहे आणि हे आडनाव गोऱ्या मालकाचे आहे असे त्याचे म्हणणे होते. मुष्टियोद्धा कॅशियस क्ले १९६४ साली मुहम्मद अली झाला. पण या दोघांनी नाव बदलले ते भर चौकात, कारण सांगून. लपण्यासाठी नव्हे, दिसण्यासाठी. बाबासाहेबांनी धर्म बदलला तोही मध्यरात्री नाही, लाखोंच्या साक्षीने. बदलणे आणि लपवणे यांतला फरक येथे आहे.

लपण्याचा हिशेबही मांडून पाहावा. उद्या 'अलोरेकर' म्हणून खोली मिळेल. मग भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावायची की नाही? चौदा एप्रिलला घरी गोडधोड करायचे की नाही? आई भेटायला आली आणि शेजारणीने तिला माहेर विचारले तर? एका आडनावाच्या मागे सारे घर लपवावे लागेल. शिवाय ज्या गावाचे नाव घ्यायचे त्या गावात आम्ही आलो तेच धरणाच्या कामाला. काम सरले तशा वसाहतीच्या खोल्या रिकाम्या होत गेल्या. अलोऱ्याने आम्हाला रोजगार दिला, शाळा दिली, मी येथेच म्हातारा झालो. म्हणून त्याचे नाव कोणी अभिमानाने घ्यावे, त्याला माझी ना नाही. लाजेने घेऊ नये.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. फलक बदलणे सोपे आहे आणि ते बदललेच पाहिजेत. पण फलकावरचे नाव गेले तरी वस्ती गावाच्या ज्या कडेला होती त्याच कडेला आहे. आडनावाचेही तसेच आहे.

पुतण्याला मी एवढेच सांगितले : बदलायचे असेल तर बदल, तुझा तो अधिकार आहे. पण कारणाच्या रकान्यात खरे लिही. 'व्यक्तिगत कारणास्तव' असे लिहू नकोस, कारण यात व्यक्तिगत काहीच नाही. तो बराच वेळ गप्प बसला. बाहेर कुंभार्लीवरून पाऊस उतरत होता. मग अर्ज तसाच ठेवून तो रात्रीच्या गाडीने गेला.

तो अर्ज अजून माझ्याकडे आहे. कारणाचा रकाना कोराच आहे. मला आता वाटते, तो त्याने भरायचाच नाही. आडनाव ऐकून ज्यांनी खोली नाकारली, तो रकाना त्यांनी भरायचा आहे.